गादीचा माळा

पिवळं कार्ड डाव्या हातात धरायचं, उजव्या हाताच्या नखानं त्यावर दोनदा टकटक करायचं आणि चष्म्याच्या वरून समोरच्याकडे बघत विचारायचं, "हे कुणाच्या कार्डावर?"

दिवसातून वीसदा तरी हे ऐकायला मिळायचं. वेल्डिंगची कांडी वाया गेली, हे कुणाच्या कार्डावर? लाइट गेली आणि पाच माणसं तासभर बसून राहिली, तो तास कुणाच्या कार्डावर? एकदा गाळ्यात मांजर व्याली आणि कुणीतरी पिल्लांसाठी रोज दूध आणायला लागलं. तिसऱ्या दिवशी काका कार्ड घेऊन हजर. वेल्डर म्हणाले, उंदरांच्या कार्डावर घाला. काका हसले नाहीत. त्यांनी खरंच थोडा वेळ विचार केला.

तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. एकच वाक्य आयुष्यभर पुरवतात. आपण त्यांच्या पाठीमागे नक्कल करतो आणि ती ऐकायला माणसं जमवतो. मी तर फार हुबेहूब करायचे, नखाच्या टकटकीसकट. आता कुणी कर म्हणालं तर जमत नाही. पहिल्या टकटकीलाच थांबते.

नाव सांगत नाही त्यांचं. त्यांना आवडलं नसतं. गाळ्यात सगळे त्यांना कार्डवाले म्हणत आणि मी काका म्हणायचे.

लालबागच्या एका इंडस्ट्रियल इस्टेटीत दुसऱ्या मजल्यावर आमचा गाळा होता. तिथे हॉस्पिटलचं फर्निचर बनायचं. खाटा, स्ट्रेचर, तपासणीची टेबलं, चाकाच्या खुर्च्या. परळची हॉस्पिटलं हाकेच्या अंतरावर, त्यामुळे कामाला तोटा नव्हता. पण प्रत्येक काम वेगळं. कुणाला खाट चार इंच उंच हवी, कुणाला स्ट्रेचर अरुंद हवं, कारण त्यांची लिफ्ट आजीबाईच्या बटव्याएवढी. मी बी.कॉम. होऊन कॉस्टिंगच्या परीक्षा देत होते आणि दादरहून चालत यायचे. पगार बेताचा आणि तोंड बेताचं नव्हतं, असं काका माझ्याबद्दल सांगत.

कामाची रीत सोपी होती. ऑर्डर आली की तिचं एक पिवळं कार्ड. पाइप किती लागला, पत्रा किती, कोण किती तास राबलं, सगळं त्या कार्डावर. काम संपलं की बेरीज. इथवर कुणालाही जमेल. पण गाळ्याचं भाडं? वॉचमनचा पगार? झाडूवाली, कॉम्प्रेसरची दुरुस्ती, जिन्यातला दिवा? हे खर्च कुठल्याच एका खाटेचे नसतात आणि प्रत्येक खाटेचे थोडे थोडे असतात. आमच्या पुस्तकात त्याला ओव्हरहेड म्हणत. तो वाटायचा कसा, कुणावर किती घालायचा, हे ठरवणं काकांचं काम. त्यांनी ठरवलेल्या आकड्यावर गाळ्याचे दर ठरत, आणि दरांवर माणसांच्या नोकऱ्या.

मला त्यांनी हे पुस्तकातून शिकवलं नाही. चाळीतल्या दिव्यावरून शिकवलं. डिलाईल रोडला त्यांची चाळ. वडील मिलमध्ये, गाव मालवणकडचं, दोन खोल्यांत अकरा माणसं असं बालपण. गॅलरीतल्या दिव्याचं बिल खोलीवार वाटायचं की माणशी, यावरून चाळीत दर महिन्याला जुंपायची. खोलीवार म्हटलं की एकटा राहणारा म्हातारा ओरडायचा, माणशी म्हटलं की काकांची आई. "दिवा एकच, बाय," ते म्हणायचे, "पण वाटणी बदलली की कुणाच्या तरी घरातली भाजी बदलते." हे मला कुठल्याच सरांनी सांगितलं नव्हतं.

पहिल्याच आठवड्यात मी एका कार्डावर शेवटच्या ओळीत 'इतर' असं लिहून शंभर-सव्वाशे रुपये टाकून दिले. माझा हिशोब जुळला होता, मी खूश. काकांनी कार्ड हातात घेतलं. टकटक.

"हे इतर कोण?"

मी म्हटलं, किरकोळ आहे हो काका.

"नाही, पण कोण? कुठे राहतात? पत्ता सांग, भेटून येतो."

सगळा गाळा हसला. मला असा राग आला म्हणता, दुपारचा डबा मी त्यांच्याकडे पाठ करून खाल्ला. पण संध्याकाळपर्यंत त्या सव्वाशे रुपयांचे धनी मी शोधून काढले होते. ड्रिलचं एक पातं, दोन माणसांचा टॅक्सीखर्च आणि एक मोडलेलं चाक. 'इतर' हा शब्द मी नंतर आयुष्यात कुठल्याही कागदावर लिहिलेला नाही.

खंडेनवमीला आमच्याकडे यंत्रांची पूजा व्हायची. झेंडूच्या माळा, हळदकुंकू, पेढे. झेंडूचं बिलही काका वाटायचे, आणि तेही माळेच्या लांबीवर. लेथ सगळ्यात लांब, म्हणून त्याच्या माळेचा खर्च जास्त. पूजेच्या दिवशी नवा शर्ट घालून, खिशातली स्टीलची टेप काढून झेंडूच्या माळा मोजणारा माणूस तुम्ही पाहिलाय? मी पाहिलाय. ती टेप कायम त्यांच्या खिशात असे. खिसा त्या बाजूला नेहमी ओघळलेला.

गाळ्यात आत एक माळा होता, लाकडी जिन्यानं वर जायचं. वर गादीचं खातं. तिथे सुलभाताई. खाटांच्या गाद्या, खुर्च्यांच्या बैठका, टेबलांवरचं रेक्झिन, सगळं त्यांच्या हातचं. हाताखाली दोन बायका. ठेंगणी मूर्ती, घट्ट अंबाडा, दातांत कायम दोऱ्याचं टोक. गादी तयार झाली की दोरीला बांधून खाली सोडायच्या आणि वरून "गादी येतेय" असं सांगायच्या, जशी काही पाहुणी येतेय.

रोज चार वाजता काका माळ्यावर तास लिहायला जात. त्यांचं लाकडी स्टूल बोचतं हे सुलभाताईंनी पाहिलं आणि कात्रणांची एक छोटी उशी शिवून त्यावर ठेवली. झालं. हे कुणाच्या कार्डावर? सुलभाताई म्हणाल्या, भाऊ, कात्रण आहे, फेकायचंच होतं. काकांनी उशी तराजूत घातली. कात्रणाचं वजन, शिवायला वीस मिनिटं, माळ्याचा ओव्हरहेड धरून रीतसर कार्ड केलं आणि तेवढे पैसे स्वतःच्या खिशातून कॅशमध्ये भरले. सुलभाताई आठवडाभर त्यांच्याशी बोलल्या नाहीत. पण काका त्या उशीवरच बसले, शेवटपर्यंत.

आता मूळ गोष्टीवर येते. ती सांगायला मला आजही जड जातं.

मोठे शेठ थकले आणि धाकटे शेठ बसायला लागले. मुलगा वाईट नव्हता, पण घाईचा. एक दिवस तो बाहेरच्या कारखान्याचा भाव घेऊन आला. तयार फोमची गादी, कव्हर घालून, दारात पोच. आमच्या कार्डावर गादी त्याहून महाग होती, आणि थोडीथोडकी नाही. धाकट्या शेठनी काकांना विचारलं, हा तुमचाच आकडा ना? काका म्हणाले, माझाच. मग झालं तर, शेठ म्हणाले. दिवाळीनंतर गादीचं खातं बंद.

सुलभाताई खाली आल्या. हात पदराला पुसत काकांच्या टेबलाशी उभ्या राहिल्या आणि विचारलं, "भाऊ, माझं काम एवढं महाग पडतं?"

काकांनी कार्ड त्यांच्यासमोर ठेवलं. अगदी आदरानं. एकेक ओळ बोट ठेवून दाखवली. फोम इतका, रेक्झिन इतकं, तुमचे तास इतके, आणि तुमच्या तासावर बसलेला ओव्हरहेड इतका. शेवटी म्हणाले, "कार्ड खोटं बोलत नाही, ताई."

सुलभाताईंनी कार्ड वाचलं. मला वाटलं, आता भांडतील. भांडायला हव्या होत्या. त्या फक्त म्हणाल्या, माझेच हात हळू झाले असतील, आणि कात्री, बोटात घालायची टोपी, देवाचा छोटा फोटो पिशवीत भरून दोघी बायकांबरोबर निघून गेल्या. हिशोब चोख झाला, पैसे मिळाले. मी जागची उठले नाही. मला अजून त्याची लाज वाटते.

पुढच्या एप्रिलमध्ये काका आणि मी नवे दर काढायला बसलो. गादीचं खातं गेलं, म्हणजे तेवढा खर्च कमी व्हायला हवा. पगार कमी झाला, फोम कमी झाला. पण माळ्याचं भाडं तेवढंच. गाळ्याचा मालक काही गादी बंद झाली म्हणून भाडं सोडणार नव्हता. आजवर ते गादीवर बसायचं. आता गादीच नाही. काकांनी नखानं टकटक केली, पण समोर कार्डच नव्हतं. शेवटी ते भाडं वेल्डिंगवर घालावं लागलं.

त्यामुळे स्ट्रेचरचा सांगाडा महाग झाला. दीडएक वर्षात धाकटे शेठ पुन्हा एक बाहेरचा भाव घेऊन आले. ह्या वेळी सांगाड्यांचा. वेल्डर एकमेकांकडे बघायला लागले. चार वाजता काका चहा न घेता उठले, खिशातली टेप काढली आणि मला म्हणाले, चल, दुसरं टोक धर.

आम्ही माळ्यावर गेलो. मी बऱ्याच दिवसांनी वर जात होते. सुलभाताईंची जागा खिडकीपाशी, तिथे आता कोळ्याची जाळी. ती जागा मोजली. मग बाकीचा माळा मोजायला लागलो आणि टेप पुढे जाईना, कारण वाटेत ट्रंका. एकावर एक, तीन-तीन, भिंतीपासून जिन्यापर्यंत. सुलभाताईंचा कोपरा माळ्याच्या एक तृतीयांशसुद्धा भरला नाही.

ट्रंकांत काय होतं सांगू? कार्डं. पिवळी कार्डं. पार सुरुवातीपासूनची. काकांनी आयुष्यात एकही कार्ड फेकलं नव्हतं.

गोष्ट अशी झाली होती. काका नोकरीला लागले तेव्हा गाद्या काथ्याच्या, दहा माणसं शिवायला, सगळा माळा गादीचा. तेव्हा त्यांनी टेप लावून मोजला आणि वहीत लिहिलं, गादीचा माळा. पुढे फोम आला, माणसं कमी झाली, गादी कोपऱ्यात सरकली. रिकाम्या जागेत दरवर्षी एकेक ट्रंक वर चढली. वहीत नाव मात्र तेच. गादीचा माळा, म्हणून सगळं भाडं गादीला. झेंडूची माळ मोजणाऱ्या माणसानं हा माळा दुसऱ्यांदा मोजलाच नव्हता.

काका एका ट्रंकेवर बसले. त्यांचा चेहरा मला बघवेना. बराच वेळ टेप आत-बाहेर करत राहिले. मग मालवणीत बोलले. मालवणी ते गाळ्यात कधी बोलत नसत.

"ह्यो माळो माझो, बाय. भाडा मात्र ती भरीत होती."

मी म्हटलं, काका, हे कुणाच्याच लक्षात आलं नाही. ते म्हणाले, लक्षात ठेवायचा पगार मलाच होता. मी आपली टेपचं टोक धरून उभी.

त्याच दिवशी त्यांनी नवं कार्ड केलं. गादीला तिच्या कोपऱ्याचंच भाडं लावलं. गादी बाहेरच्या भावापेक्षा स्वस्त पडत होती. आणि हे कार्ड घेऊन ते धाकट्या शेठकडे गेले. उभ्यानंच बोलले. चूक माझी आहे, सांगाड्याचं काम बाहेर दिलंत तर हे भाडं पुन्हा तिसऱ्या कुणाच्या डोक्यावर बसेल, आणि असं करत करत एक दिवस गाळ्यात फक्त भाडं उरेल, काम उरणार नाही. धाकटे शेठ ऐकून घेत होते. सांगाडे बाहेर गेले नाहीत, ते श्रेय मुलाला द्यायलाच हवं. पण गादीबद्दल म्हणाला, काका, आता काय उपयोग, माणसं तर गेली.

"जाऊन सांगायला तरी हवं," काका म्हणाले.

सांगायचं म्हणजे साधं वाटतं, नाही? काकांना त्यासाठी पंधरा दिवस लागले. रोज सकाळी कार्ड शर्टाच्या खिशात ठेवायचे, रोज संध्याकाळी काढून ड्रॉवरमध्ये. मीच वैतागले. मधेच एक ऑर्डर आली. गिरगावातल्या एका शाळेच्या बाई, पाठीचा कणा वाकडा, साध्या बैठकीवर तासभरही बसता येत नाही आणि शाळा तर सोडायची नाही. त्यांच्या पाठीच्या मापाची बैठक हवी. बाहेरच्या कारखान्यानं हात वर केले, अशी एकेकटी कामं आम्ही करत नाही. मी कार्ड काकांपुढे ठेवलं आणि म्हटलं, आता तरी चला.

सुलभाताई गिरगावात एका वाडीत, भावाच्या घरी राहत होत्या. आम्ही बसनं गेलो. वाडीत शिरताना काका दोनदा थांबले, एकदा चपलेचा अंगठा बघायला आणि एकदा उगाचच. वर गेलो तर सुलभाताई खिडकीपाशी मशीनवर साड्यांना फॉल लावत बसलेल्या. आम्हाला बघून उठल्या, बसा म्हणाल्या, भावजयीला चहा टाकायला सांगितला. तब्येत विचारली. मांजराची पिल्लं विचारली. काका मान खाली घालून बसलेले. पाठ करून आणलेलं सगळं विसरले असणार.

शेवटी त्यांनी खिशातून टेप काढली आणि जमिनीवर ठेवली.

"ताई, तुमचे हात हळू नव्हते. माझी मोजणी चुकली होती. माळा माझ्या ट्रंकांनी भरलेला आणि भाडं तुमच्या कार्डावर. वर तुम्हालाच सांगितलं, कार्ड खोटं बोलत नाही."

सुलभाताई मशीनकडे बघत राहिल्या. मशीनच्या पुढ्यात, भिंतीला टेकवून, एक गजराचं घड्याळ ठेवलेलं होतं. त्यांनी हात लांब करून ते पालथं केलं.

"दोन वर्षं घड्याळ समोर ठेवून शिवतेय, भाऊ," त्या म्हणाल्या. "म्हटलं, हात परत येतात का बघू."

मला रडू आवरेना. भावजय चहा घेऊन आली ती दारातच थांबली. काकांनी चष्मा काढून शर्टाला पुसला, घातला, परत काढला. चहा पूर्ण निवला तेव्हा सुलभाताईंनी हात पुढे केला आणि म्हणाल्या, द्या, काय काम आणलंय ते बघू.

बाईंची बैठक त्यांनी घरीच केली. तीनदा उसवली, चौथ्यांदा जमली. काका एक दिवसाआड तास लिहायला वाडीत जायचे. ती बैठक शाळेत पोचली आणि बाई त्यावर दोन तास सलग बसल्या, असा निरोप आला. काकांनी तो निरोप कार्डाच्या मागे लिहून ठेवला. नियमात बसत नव्हतं, पण लिहिला.

मग माळा रिकामा करायचा ठरला. शेठ म्हणाले, माणसं लावू. काका म्हणाले, माझ्या ट्रंका मी उतरवीन. आठवडा लागला. एकेक ट्रंक उघडायचे, वरची चार कार्डं काढून वाचायचे, ह्या खाटा बंदरावरच्या हॉस्पिटलच्या, ह्या टेबलाचा पाय वाकडा झाला होता, असं मला सांगायचे आणि ट्रंक बंद करायचे. रद्दीवाल्याचा टेम्पो आला तेव्हा मात्र खाली उतरले नाहीत. स्टुलावरच्या उशीवर बसून राहिले. टेम्पो गेल्यावर मी पैसे आणून दिले तर टकटक झालीच. हे कुणाच्या कार्डावर? मी हसले. ते म्हणाले, हसतेस काय, गादीच्या खात्याला जमा कर, इतकी वर्षं त्यांनीच सांभाळली ना.

सुलभाताई परत आल्या. रोज नाही, आठवड्यातून तीन दिवस. गळ्यात दोऱ्याची रिळं, दातांत टोक, आणि चार वाजता वरून हाक, भाऊ, तास लिहायला या. मला वाटतं, ती दोन-अडीच वर्षं गाळ्यातली सगळ्यात चांगली वर्षं. तेव्हा ते कळत नव्हतं. तेव्हा मी परीक्षा पास होऊन मोठ्या ठिकाणी जायच्या गडबडीत होते.

आणि गेलेच. इस्टेट रीडेव्हलपमेंटला गेली, गाळा वसईला हलला, काका घरी बसले. मी आता परळलाच एका काचेच्या इमारतीत बसते. ओव्हरहेडची वाटणी कॉम्प्युटर करतो, पापणी लवते न लवते तोच. मी आकड्यांकडे बघते आणि ज्या खात्यावर जास्त भार दिसतो तिथे उठून जाते, खरंच किती जागेत बसलेत बघायला. माझ्या हाताखालची मुलं माझी नक्कल करतात. मी ऐकलीय. बरी करतात.

मागच्या वर्षी काका चाळीच्या जिन्यावर पडले. कंबरेचं हाड गेलं. त्या वयात ते जुळलं नाही, अंथरूण धरलं ते धरलंच. मी रविवारी जायचे. तिसऱ्या की चौथ्या रविवारी काकूंनी मला बाजूला घेऊन सांगितलं, पाठीला जखमा व्हायला लागल्यात. विकतची हवेची गादी आणली होती, ती त्यांना सोसत नव्हती. मी तिथूनच सुलभाताईंना फोन केला.

त्या दुसऱ्या दिवशी सकाळी आल्या. कुणालाही काही न विचारता काकांच्या खुंटीवरच्या शर्टातून टेप काढली आणि त्यांना मोजायला लागल्या. खांदा, कंबर, टाच. काका डोळे मिटून पडलेले, जन्मभर सगळ्यांना मोजलं आणि आता मुकाट मोजून घेत होते. पाच दिवसांनी गादी आली. कंबरेखाली आणि टाचांखाली नेमकी पोकळी ठेवलेली, कडा मऊ, शिवण कुठेही अंगाला लागणार नाही अशी. मी त्या दिवशी रजा घेऊन गेले होते. आम्ही तिघींनी मिळून त्यांना गादीवर घेतलं. त्यांच्या कपाळावरची आठी हळूहळू गेली. मग उजवा हात हलला. नख गादीच्या कडेवर दोनदा वाजलं. रेक्झिनवर आवाज कसला येतोय, पण मला ऐकू आला.

"ह्या कोणाच्या कार्डार?"

"माझ्या," सुलभाताई म्हणाल्या. "आणि ह्या वेळी पैसे भरायचे नाहीत."

काका त्यांच्याकडे बघत राहिले. वाद घालतील असं मला वाटलं. नाही घातला. "बरां," म्हणाले आणि झोपले. काकू सांगत होत्या, महिन्याभरात पहिल्यांदाच ते असे सलग झोपले.

त्या गादीवर ते दीड महिना होते.

तेरावं झाल्यावर मी आणि सुलभाताई गॅलरीत उभ्या होतो. गादी धुऊन कठड्यावर वाळत घातली होती, गिरणगावातल्याच कुणा अंथरुणाला खिळलेल्या आजोबांना द्यायची म्हणून. माझ्या पर्समध्ये एक कोरं पिवळं कार्ड होतं. गाळा हलला तेव्हा मी तशी थोडी कार्डं उचलून आणली होती, कशाला कोण जाणे. मी कठड्यावर कार्ड ठेवून लिहायला लागले. फोम. रेक्झिन. दोरा. मागची बाजू उलटली, तिथे तासांचा रकाना.

"सुलभाताई, किती तास लागले हो?"

त्या गादीवरून हात फिरवत होत्या, कुठे ओल राहिलीय का बघत.

"मोजले नाहीत गं," त्या म्हणाल्या.

ते कार्ड माझ्याकडे आहे. रिकामा रकाना ठेवलेला काकांना मुळीच खपायचा नाही. त्यांनी तो बघावा, चष्म्याच्या वरून माझ्याकडे बघावं आणि मला सगळ्यांसमोर झापावं, एवढंच मला वाटतं.